आधी पुरळाची जागा बघा, मग मलम: पावसाळ्यातल्या पायांबद्दल एका मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातल्या एका गावात राहणारी आई, वय 55, दरवर्षी स्वतः भातलावणीला उतरते. जूनच्या अखेरीला बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली आणि तिथली कातडी पांढरी पडली. मग पायाच्या वरच्या बाजूला लाल पुरळ आलं आणि आता नडगीवर गोल चट्टे उठलेत. औषधाच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबने चार दिवस बरं वाटतं, ती थांबवली की दुप्पट होतं. टाचांच्या भेगांवर बिबा लाव, असं शेजारच्या काकी सांगतात. धाकट्या भावालाही जांघेत खाज सुरू झाली आहे. गावात कोणीतरी कुष्ठरोगाचा संशय बोलून दाखवला, तेव्हापासून आई स्वतःचं ताट वेगळं मांडते. हे नेमकं काय आहे आणि यावर काय लावायचं, असं मुलीने विचारलं आहे.

ताटाची गोष्ट आधी घेते, कारण ती सगळ्यात जास्त दुखणारी आहे. आईंचं ताट आजपासून सगळ्यांच्या पंगतीत मांडा. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही. तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा तांबूस असतो, त्यावर स्पर्श कमी कळतो किंवा कळतच नाही, घाम येत नाही, केस विरळ होतात. तुमच्या आईंना खाजेने रात्री झोप लागत नाही, म्हणजे तिथली संवेदना शाबूत आहे. तरी मनाच्या समाधानासाठी त्यांना डोळे मिटायला सांगा, कापसाची बारीक वात करून एकदा चट्ट्यावर आणि एकदा शेजारच्या चांगल्या कातडीवर हलकेच टेकवा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. चट्ट्यावर कळत नसेल तर आरोग्य केंद्रात दाखवायला उशीर करू नका. आणि समजा तो कुष्ठरोग निघाला, तरी एकत्र जेवल्याने तो पसरत नाही. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं, प्रकाराप्रमाणे 6 किंवा 12 महिने घ्यावं लागतं आणि माणूस पूर्ण बरा होतो. ज्या घरात ताट वेगळं होतं, त्या घरात माणूस पाय दाखवायचाच बंद होतो आणि उपचार तिथेच अडतो. हे मी पुन्हा पुन्हा बघत आले आहे, म्हणून एवढं आग्रहाने लिहिते.

आता पायांकडे. मी तुमच्या आईंना तपासलेलं नाही, तुमच्या वर्णनावरून बोलते आहे. त्या वर्णनात मला तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात: बेचक्यांतल्या चिखल्या, चपलेच्या पट्ट्याखालचं पुरळ आणि नडगीवरचा नायटा. तिन्हींवर एकच ट्यूब फिरवली गेली आहे आणि गोंधळ तिथून सुरू झाला आहे. पायाच्या पुरळात जागा फार बोलकी असते. पुरळ बोटांमध्ये आहे की पट्ट्याखाली, तळव्यावर आहे की घोट्याच्या आतल्या बाजूला, एका पायावर आहे की दोन्ही पायांवर, एवढं नीट पाहिलं की अर्धं निदान झालेलं असतं.

चिखल्यांपासून सुरुवात करू. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लावणीच्या दिवसांत सकाळी चिखलात गेलेला पाय संध्याकाळीच बाहेर येतो. कातडीचा सगळ्यात वरचा थर पाणी शोषून फुगतो, पांढरा आणि मऊ पडतो, मग त्याला चिरा जातात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांची बेचकी सगळ्यात घट्ट, म्हणून सुरुवात बहुधा तिथेच होते. पहिले काही दिवस हे नुसतं भिजणं असतं, बुरशी अजून आलेली नसते. या टप्प्यावर कुठलंच मलम लागत नाही. दोन-तीन रात्री पाय पूर्ण कोरडे राहिले तर कातडी आपली आपण सावरते. दुर्लक्ष झालं की त्या फुगलेल्या कातडीत बुरशी वाढते, कारण आपल्या कातडीतलं केराटिन नावाचं प्रथिन हेच तिचं अन्न. तिच्या मागून जिवाणू येतात. मग वास, लस, जळजळ आणि चालताना दुखणं. वास फारच घाण असेल किंवा कातडीवर हिरवट छटा दिसली, तर जिवाणूंनी जोर धरला आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी नुसतं बुरशीचं मलम पुरत नाही.

चिखल्यांचा पहिला उपचार म्हणजे कोरडेपणा, आणि तो वाटतो तितका सोपा नाही, हे मला ठाऊक आहे. शेतातून आल्यावर पाय साध्या पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा. फरशी धुण्याची जंतुनाशकं, फिनेल, रॉकेल यांतलं काहीही पायांवर ओतू नका. त्याने कातडी भाजते आणि तो भाजलेला भाग पुढे महिनाभर त्रास देतो. मग जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा घेऊन प्रत्येक बेचकी वेगळी टिपा. घासू नका, टिपा. हा तुकडा फक्त पायांसाठी ठेवा आणि रोज धुवा. नंतर दहा-पंधरा मिनिटं पाय पंख्याखाली ठेवून बसायचं. रात्री बेचक्यांत कोरड्या सुती कापडाची छोटी घडी ठेवली तर बोटं एकमेकांना चिकटत नाहीत. एवढं रोज केलं तर निम्मं काम होतं.

लस येत असेल तर मलमाच्या आधी पोटॅशियम परमँगनेटचं पाणी वापरायचं. औषधाच्या दुकानात त्याची 400 मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर ती 4 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. सुटे खडे मिळाले तर अगदी मोजके, आणि पाण्याचा रंग खूप पाणी घातलेल्या कोकम सरबतासारखा फिकट गुलाबी राहिला पाहिजे. गडद जांभळं पाणी जास्त गुणकारी असतं असा समज आहे. प्रत्यक्षात गडद पाणी कातडी जाळतं, आणि न विरघळलेला खडा बोटांत अडकला तर तिथे भोक पाडावं तशी जखम होते. 10 ते 15 मिनिटं पाय बुडवायचे, दिवसातून एक-दोनदा. नखं आणि टब तपकिरी होतात, त्याची काळजी करू नका. लस थांबली की हे पाणीही थांबवा, नाहीतर कातडी उलट कोरडी पडून तडकते. खडे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा.

लावणीआधी पायांना मेंदी लावायची आपल्याकडची पद्धत मला नावडत नाही. झाडाचा ताजा पाला वाटून लावलेली मेंदी कातडी थोडी घट्ट करते आणि बुरशीलाही काहीसा अटकाव करते. पण बाजारातल्या पुडीतली काळी मेंदी पायाला लावू नका. तिच्यात केस काळे करण्याच्या रंगातलं रसायन असू शकतं आणि त्याने फोड येतात. शिवाय चिखल्या फुटून लस यायला लागल्यावर कुठलीच मेंदी नको.

आता त्या ट्यूबविषयी. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण 'लावली की चार दिवसांत गायब, थांबवली की दुप्पट' ही चाल मला फार ओळखीची आहे. खोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव सापडलं तर ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. बहुतेक वेळा त्याच्याबरोबर एक बुरशीचं आणि एक जिवाणूंचं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही वाटतं की सगळ्यावर लागू पडेल. स्टेरॉइड खाज आणि लाली दोन-तीन दिवसांत दाबतं, पण त्याचबरोबर कातडीची बुरशीशी लढण्याची ताकदही दाबतं. बुरशी आत शांतपणे पसरत राहते, चट्ट्याची कड पुसट होते, मग ओळखायलाही अवघड होतं. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, ताणल्यासारखे पांढरे-लाल वळ उठतात, आणि जांघेसारख्या नाजूक जागी ते वळ कायमचे राहतात.

केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरीही ती सहज हाती पडतात. भारतात गेल्या काही वर्षांत नायटा हट्टी झाला आहे. त्यामागे ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी आहे. तिला हे नाव 2020 मध्ये मिळालं आणि तिच्यापैकी बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध नीट चालत नाही. स्टेरॉइडच्या मिश्र ट्यूबांनी या बुरशीला पसरायला मोकळं रान दिलं, असं आम्हा त्वचारोगतज्ज्ञांपैकी बहुतेकांचं मत आहे आणि माझंही तेच आहे.

म्हणून ती ट्यूब बंद करा. बंद केल्यावर काही दिवस लाली आणि खाज वाढेल, हे आईंना आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्या रात्री त्या पुन्हा तीच ट्यूब शोधतील. त्या दिवसांत गार पाण्याच्या पट्ट्या आणि डॉक्टरांनी दिलेली रात्रीची खाजेची गोळी यांवर निभावून न्यायचं. नडगीच्या चट्ट्यांवर आणि बेचक्यांत, लस थांबल्यावर, नुसतं बुरशीचं मलम लावायचं. क्लोट्रिमॅझोल 1 टक्का दिवसातून दोनदा किंवा ल्युलिकोनॅझोल 1 टक्का दिवसातून एकदा. खोक्यावर दुसरं कुठलंही औषध नको. चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण दोन सेंटिमीटर जास्त लावा, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे पोचलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहा. बहुतेक लोक खाज थांबली की थांबतात, आणि तो पुन्हा उठतो.

तुमच्या आईंच्या बाबतीत चट्टे नडगीपर्यंत चढले आहेत आणि स्टेरॉइड लावून झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे पोटात घ्यायच्या गोळ्या लागतील असं मला वाटतं. त्या दुकानातून परस्पर आणू नका. इट्राकोनॅझोल हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. टर्बिनाफिनसाठी यकृताची स्थिती माहीत असावी लागते. आईंना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा. उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, हेही करून घ्या. पंचावन्नाव्या वर्षी वारंवार बेचक्या कुजत असतील तर मधुमेह आहे की नाही हे कळलंच पाहिजे. पायांच्या नखांकडेही बघा. नखं जाड, पिवळी, भुसभुशीत झाली असतील तर बुरशीचं बिऱ्हाड तिथे आहे आणि कातडी कितीदाही बरी केली तरी ती नखातून परत येते. नखांचा उपचार लांबलचक असतो, गोळ्या साधारण तीन महिने, आणि अंगठ्याचं पूर्ण नवं नख यायला वर्ष-दीड वर्ष.

भावाची जांघेतली खाज याच गोष्टीचा भाग असावी. घरात एकच पंचा सगळे वापरत असतील तर बुरशी घरभर फिरते. दोघांचे उपचार एकाच वेळी सुरू करा. पंचे वेगळे, कपडे गरम पाण्यात धुतलेले, आणि पावसाळ्यात ऊन मिळत नाही म्हणून अंगावर घालण्याआधी आतून इस्त्री फिरवलेले. दमट कपडा अंगावर वाळवायचा नाही. भावाच्या पायांवरही बुरशी असेल तर त्याने आधी मोजे घालावे आणि मग चड्डी. उलटं केलं तर पायावरची बुरशी कपड्याबरोबर जांघेत चढते.

पायाच्या वरच्या बाजूचं पुरळ मात्र मला वेगळं वाटतं. ते दोन्ही पायांवर सारखं, अंगठ्याशेजारून निघून इंग्रजी व्ही अक्षरासारखं मागे जाणारं आहे का, ते बघा. रबरी चपलेचा पट्टा जिथे टेकतो नेमकं तिथेच असेल, आणि पट्ट्याबाहेरची कातडी स्वच्छ असेल, तर ती चपलेची अ‍ॅलर्जी आहे. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात मर्कॅप्टोबेंझोथायाझोल, थायुरॅम अशी रसायनं घालतात. घामाने आणि पावसाच्या पाण्याने ती पाझरून कातडीत उतरतात. चामड्याच्या चपलेत हाच उद्योग क्रोमियम करतं, कारण चामडं कमावताना ते वापरतात. सिमेंटमध्येही क्रोमियम असतं, त्यामुळे चिऱ्याचं बांधकाम करणाऱ्या गवंड्यांच्या हातापायांवर असंच इसब दिसतं. 'ही चप्पल तर मी वर्षानुवर्षं वापरते, आता कशी बाधेल?' असं बायका विचारतात. अ‍ॅलर्जी अशीच येते. शरीर एखाद्या वस्तूशी वर्षानुवर्षं जुळवून घेतं आणि एके दिवशी नाकारतं. एकदा नाकारलं की मग थोडासा स्पर्शही पुरतो.

इथे गंमत नाही, अडचण आहे: या पट्ट्याखालच्या पुरळावर डॉक्टर स्टेरॉइडचंच मलम देतील, आठ-पंधरा दिवसांसाठी, आणि ते बरोबर असेल. जे औषध नडगीवरच्या नायट्याला खतपाणी घालतं तेच चार बोटं खाली उपयोगी पडतं. म्हणूनच एका पायावर दोन मलमं दिली जातील, आणि कुठलं कुठे लावायचं ते कागदावर पायाचं चित्र काढून घ्या. मी माझ्या रुग्णांना तसंच काढून देते. खात्री करायची असेल तर पॅच टेस्ट असते. पाठीवर निरनिराळ्या रसायनांचे छोटे ठिपके चिकटवतात, 48 तासांनी काढून बघतात आणि नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. ती मोठ्या शहरातल्या त्वचारोग विभागात होते. तोवर रबरी चप्पल पूर्ण बंद. एकसंध साच्यातली, डिंकाने न चिकटवलेली प्लास्टिकची चप्पल घ्या. घरातही तीच. न्हाणीघराबाहेर ठेवलेली सगळ्यांची सामाईक रबरी चप्पल विसरली जाते आणि पुरळ का जात नाही ते कळत नाही.

बिब्याला माझा ठाम विरोध आहे. बिबा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेल, आंब्याच्या देठाचा चीक आणि बिब्याचं तेल यांत एकमेकांशी मिळतीजुळती, कातडी जाळणारी आणि अ‍ॅलर्जी आणणारी द्रव्यं असतात. कैऱ्या उतरवताना चीक उडून ज्यांच्या तोंडावर फोड येतात किंवा कच्च्या काजूच्या बिया फोडून ज्यांचे हात सोलतात, त्यांना बिब्याचा थेंबही महागात पडतो. तुमच्याकडे आंब्याची कलमं असतील, तर आईंचा या चिकाशी संबंध आलेलाच आहे. भेगेत बिबा भरला की ती वरून काळी पडून बंद झाल्यासारखी दिसते. आत मात्र भाजलेलं असतं, आणि दोन दिवसांनी पूर्ण पाय सुजून फोडांनी भरतो. काकींच्या मायेबद्दल शंका नाही, त्यांच्या आईच्या काळात दुसरं काही नव्हतं. आता आहे.

भेगांसाठी आपल्याच घरात चांगली वस्तू असते: कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, भिरंडेल. रात्री पाय कोमट पाण्यात 10 मिनिटं ठेवा, मऊ झालेली जाड कातडी हलक्या हाताने घासा, टिपून लगेच कोमट केलेलं भिरंडेल किंवा साधी पेट्रोलियम जेली टाचेत जिरवा आणि सुती मोजे घालून झोपा. ब्लेडने कातडी कापायची नाही. फार जाड टाच असेल तर युरिया असलेलं मलम जास्त काम करतं, पण रक्त येणाऱ्या भेगेवर ते झोंबतं. तेल फक्त टाचेला. बेचक्यांत तेल लावलं तर ओल आत कोंडते. आणि भेगा एकाच पायाला असतील, त्यांच्याभोवती तळव्यावर कोरडा बारीक कोंडा असेल, तर ती भेग नसून तळव्याची बुरशी असू शकते. कधी कधी ती दोन्ही तळव्यांवर असते आणि जोडीला एकाच हाताच्या तळव्यावरही तसाच कोंडा दिसतो. दोन पाय आणि एक हात, ही तिची ओळखीची मांडणी.

शेतात उतरताना गमबूट घालावेत का, असं बरेच जण विचारतात. घालावेत, पण बूट आतून कोरडा असेल तरच. जेटीवर बर्फात आणि माशांत दिवसभर गमबूट घालून उभे राहणाऱ्यांच्या तळव्यावर मी बारीक बारीक खड्डे बघते, घाण वास येतो, पाय चिकट होतात. ही बुरशी नव्हे. घामात वाढणारे जिवाणू कातडी कोरतात. त्यावर बुरशीचं मलम निरुपयोगी, जिवाणूंचं मलम आणि घाम कमी करणारं औषध लागतं. शक्य असेल तर बुटांच्या दोन जोड्या ठेवा, एक आज, एक उद्या. रात्री बूट उलटे करून, आत जुनी वर्तमानपत्रं कोंबून ठेवा आणि आत सुती मोजे घाला. लावणीच्या चिखलात बूट रुततो आणि काम होत नाही हेही खरं. तिथे अनवाणी उतरणं टळत नसेल तर दुपारच्या जेवणाला बांधावर आल्यावर पाय धुवून पुसून अर्धा तास कोरडे ठेवा. दिवसभराची ओल मध्ये तुटली तरी मोठा फरक पडतो.

काही बायकांना शेतातल्या पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच पोटऱ्यांना टोचल्यासारखी खाज सुटते आणि बुडालेल्या भागावरच बारीक लाल पुळ्या येतात. गोगलगाईंतून पाण्यात सुटणाऱ्या, खरं तर गुराढोरांच्या किंवा पाणपक्ष्यांच्या असलेल्या सूक्ष्म कृमींच्या अळ्या कातडीत शिरू बघतात आणि तिथेच मरतात. आठवडाभरात ते आपोआप ओसरतं. गुहागर तालुक्यातलं गिमवी हे गाव याच कुळातल्या, पण माणसाच्या मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहणाऱ्या कृमीसाठी वैद्यकशास्त्रात ओळखलं जातं. 1952 मध्ये तिथल्या संसर्गाची नोंद प्रसिद्ध झाली. भारतात असा संसर्ग अगदी दुर्मीळ. किनाऱ्यावरच्या वाळूचा धोका वेगळा आहे. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून आलेल्या अंकुशकृमीच्या अळ्या तळव्यातून शिरतात आणि कातडीखाली वेडीवाकडी लाल रेघ रोज थोडी थोडी पुढे सरकवतात. खाज भयंकर असते. ही रेघ एकदा पाहिली की विसरत नाही, आणि आयव्हरमेक्टिन किंवा अल्बेंडाझोल या गोळ्यांनी ती थांबते.

बाकीचं भराभर सांगते. घोट्याच्या आतल्या बाजूला काळसर, खाजणारी, लस येणारी कातडी आणि वर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर दोष शिरांचा आहे, मलम एकट्याने काही करणार नाही. तळव्याच्या कडांना खोलवर साबुदाण्याएवढे पाण्याचे फोड आणि आग असेल तर ते इसबाचा एक प्रकार. रात्री सगळ्या घराला खाज, आणि तान्ह्या बाळाच्या तळव्यावरसुद्धा पुळ्या असतील तर खरूज, मग घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री औषध लावायचं. लहान मुलाला ताप, तोंडात फोड आणि तळव्यांवर पुरळ असेल तर बहुधा हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार, आठ-दहा दिवसांत जातो. मोठ्या माणसाच्या तळहात-तळव्यांवर न खाजणारे तांबूस डाग असतील तर संकोच न करता सिफिलिसची रक्ततपासणी करून घ्यावी, उपचार सोपा आहे.

घाई कधी करायची, ते आईंना आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पाय लाल, गरम, सुजलेला, लाली वर चढते आहे आणि थंडी वाजून ताप येतो आहे, म्हणजे बेचकीतल्या चिरेतून जिवाणू आत गेले आहेत. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हत्तीपाय असलेल्या माणसाला तर प्रत्येक चिखलीवर लक्ष ठेवावं लागतं, कारण असा प्रत्येक झटका सूज कायमची वाढवून जातो. कालवं काढताना खडपावर पाय कापला आणि काही तासांत सहन होणार नाही इतकं दुखायला लागलं, जांभळे फोड आले, तर रात्र उजाडायची वाट बघू नका, विशेषतः यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल तर. खाऱ्या पाण्यातले काही जिवाणू फार वेगाने पसरतात. आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळ्यातला ताप. उंदीर-गुरांच्या लघवीतले जंतू शेतातल्या पाण्यात असतात आणि फुटलेल्या चिखल्यांतून रक्तात जातात. चिखलात उतरल्यानंतर महिन्याभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काहीही झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी लावणीला होते' हे सांगायचं. लावणीच्या काळात आरोग्य केंद्रातून जोखमीच्या लोकांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन 200 मिलिग्रॅम देतात. आईंनी ती घ्यावी की नाही ते तिथल्या डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ती परस्पर घेऊ नये.

जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. तिथे चट्ट्याच्या कडेवरचे खवले खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे दिसले की वाद मिटतो. ही तपासणी स्वस्त आहे आणि उत्तर सहसा त्याच दिवशी मिळतं. जाताना ती ट्यूब किंवा तिचं खोकं, रबरी चप्पल, चालू गोळ्या बरोबर घ्या आणि भावालाही न्या. तपासणीआधी आठवडाभर चट्ट्यांना काहीही लावू नका, मलम नाही आणि तेलही नाही, नाहीतर बुरशी असूनही दिसत नाही. तेवढे दिवस पाय धुणं, टिपणं आणि लस असेल तर परमँगनेटचं पाणी एवढंच चालू ठेवा. तारीख लांबची मिळाली तर मी लिहिलेलं बुरशीचं मलम सुरू करा आणि आठवडा आधी थांबवा. पायांची नखं मात्र कापून जाऊ नका. जाड नखाचा टोकाचा तुकडाच तपासायला लागतो.